पांढऱ्या दोऱ्याच्या बरण्या

१२ फेब्रुवारी

ताई,

'ती. ताईस साष्टांग नमस्कार' असं लिहायला घेतलं होतं, पण साष्टांग घालायला माझी कंबर आता वाकत नाही, आणि तुझ्यासाठी तर मुळीच नाही. तेव्हा नुसतंच ताई.

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी चार ओळी. त्यातल्याही पहिल्या दोन आईच्या गुडघ्यांच्या, म्हणजे माझ्या वाट्याला दोनच आल्या. "लहान पिंपांच्या पांढऱ्या दोऱ्याच्या बरण्या तुझ्याकडे असतील. मंगळवारी गाडी पाठवते." असतील म्हणे. प्रयोगशाळेतल्या त्या कपाटासमोर खुर्ची टाकून मी अकरा वर्षं बसले आहे.

'पिंप' हा आपला शब्द तू अजून वापरतेस हे वाचून मला बरं वाटलं नाही, उलट राग आला. तुझ्या भाषणांत तू त्याला साल्प म्हणतेस, पुस्तकातलं नाव. पिंप म्हणायचा हक्क माझा. पाण्यात पहिल्यांदा तो प्राणी दिसला तेव्हा मीच म्हटलं होतं, "ताई, हे तर काचेचं पिंप आहे, दोन्ही टोकांना उघडं." बोटाएवढा जीव. आरपार दिसतो, फक्त मागच्या बाजूला पोटाची एक तपकिरी गोळी. एका तोंडाने पाणी आत घ्यायचं, दुसऱ्याने बाहेर सोडायचं, त्याच धक्क्याने पुढे सरकायचं. म्हणजे खाणं आणि चालणं एकच. आत शेंबडाचं एक जाळं विणलेलं असतं. पाण्याबरोबर आलेलं जे काही त्यात अडकेल ते जाळ्यासकट गिळायचं, आणि एकीकडे नवं जाळं विणत राहायचं. आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "शी! आणि याच्यासाठी तुम्ही दोघी समुद्रात उड्या मारता?"

तर बरण्या. विसरली असशील म्हणून सांगते. बरणीच्या गळ्याला पांढरा दोरा म्हणजे हातचं पिंप. कमरेला दोर बांधून आपण पाण्याखाली तरंगायचो, प्राण्याच्या भोवती हळूच बरणी धरायची, झाकण लावायचं, आणि बोटीवर आल्याबरोबर त्यात फॉर्मॅलिन ओतायचं, म्हणजे समुद्रात त्याने जे खाल्लं तेच पोटात राहील. निळा दोरा म्हणजे बालदीचं. जाळं ओढायचं, जाळ्याच्या शेपटाला बांधलेल्या बालदीत सगळी गर्दी गोळा व्हायची, आणि जाळं वर येईपर्यंत पाऊण तास ही पिंपं त्या बालदीत जे असेल ते ओढत बसायची. शेजाऱ्यांच्या गर्दीतलं खायची, अंडी खायची, कचरा खायची. त्यांच्या पोटावरून समुद्राबद्दल काही कळत नाही, फक्त बालदीबद्दल कळतं. म्हणून निळी शिकाऊ पोरींच्या हाताला वळण लावण्यापुरती. दोऱ्यांची ही पद्धत माझी. तू नंतर ती तुझ्या वर्गात शिकवलीस असं ऐकलं, "झाकणं बघू नका, दोरा बघा."

मोठ्या पिंपांवरचा तुझा तो पहिला लेख माझ्याजवळ आहे. शेवटी, अगदी शेवटी लिहिलंस, "बोट चालवणारे, दोर धरणारे आणि बरण्या धुणारे यांचे आभार." मी बरण्या धुणारी. नावसुद्धा नाही! निम्म्याहून जास्त पिंपं मी पकडली होती, पोटं मी चिरली होती, चित्रं माझ्या हातची होती. तुझ्याकडे पदवी होती आणि माझ्याकडे नव्हती, एवढाच काय तो फरक. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मला सर्दी झालेली असताना "एकच बरणी राहिली आहे गं, उतर ना" असं तूच म्हणाली होतीस. पाण्याच्या दाबाने गेलेला तो डावा कान परत आला नाही. त्यानंतर मी पाण्यात उतरले नाही, आणि लहान पिंपंही या किनाऱ्याला परत आली नाहीत. जी काही आहेत ती त्या बरण्यांतच.

मंगळवारी तुझी गाडी येऊन गेली. एकशे नव्वद बरण्या दिल्या. एकूण एक पांढऱ्या दोऱ्याची. गाडीवाल्याला चहा पाजला.

हे पत्र टाकणार नाही. लिहून ठेवते. योग्य दिवशी सगळी एकदम तुझ्या हातात देईन.

धाकटी


९ सप्टेंबर

ताई,

आज दोरवाले काका वर्तमानपत्र नाचवत आले. आठवतात ना, बोटीवर आपला दोर धरून उभे असायचे ते? आता निवृत्त झालेत, पण रोज येऊन प्रयोगशाळेच्या पायरीवर बसतात. पानभर तुझा फोटो, आणि वर मथळा: "माशांची अंडी फस्त करणारा पारदर्शक राक्षस."

"अगं, हे तर आपलं पिंप!" काका म्हणाले. "हे कधीपासून अंडी खायला लागलं?"

"मोठ्या लोकांनी शोधलंय काका, खातच असेल," मी म्हटलं.

"मोठी म्हणजे आपली ताईच ना? तिला कळत नाही होय?"

मला इतकं हसू आलं की उठून आत जावं लागलं. पाणी प्यायले आणि परत हसले. अकरा वर्षांत एवढं मोकळं हसले नव्हते.

आता सांगायला हरकत नाही. दोरे मी बदलले.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं. निळ्या दोऱ्याच्या एकशे नव्वद बरण्यांचे दोरे कात्रीने कापले आणि पांढरे बांधले. गाठसुद्धा माझी नेहमीचीच, दुहेरी. तुला त्या गाठीची ओळख आहे. तू झाकण उघडण्याआधी गाठीवरून बोट फिरवलं असशील आणि मनात म्हणाली असशील, हातची आहेत. दोन तास लागले. एकदाही हात थांबला नाही, उलट एका ठिकाणी तर मी गुणगुणत होते.

तुला वाटेल मला वाईट वाटत असेल. अजिबात नाही. तुझ्या लेखात लिहिलंस म्हणे, दर दहांतल्या सातांच्या पोटात अंडी! बालदीत अंडीच अंडी होती, ताई, तेव्हा माशांचे दिवस होते. तू बालदीचं पोट मोजलंस आणि समुद्राच्या नावावर खपवलंस. मी माझ्या साठ बरण्या स्वतः उघडून पाहिल्या आहेत, खऱ्या हातच्या. एकाही पोटात अंडं नाही. नुसते बारीक गोल कण, सुईच्या टोकावर शेकडो मावतील असे, आणि तेव्हा समुद्रात भरपूर असलेलं लांब काटेरी शेवाळ तर औषधालाही नाही. म्हणजे पिंप मिळेल ते गिळत नाही. केवढा मोठा शोध आहे हा! माझा आहे. वहीत आहे.

खऱ्या दोनशे बारा बरण्या कपाटात आहेत. कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात.

आईचा घरून फोन आला होता. "ताईचं नाव झालं गं पेपरात," म्हणत होती. मी म्हटलं, "हो आई, अजून होणार आहे."

धाकटी


१४ नोव्हेंबर

ताई,

हे तू काय केलंस?

लेखाची छापील प्रत टपालाने आली. सोबत पत्र नाही, चिठ्ठी नाही. मी आधी शेवटचं पान उघडलं, आभाराचं, सवयीने. तिथे मी नाही. बोटवाले आहेत, काकांचं नाव आहे, मी नाही. म्हटलं, पुन्हा तेच. दात ओठ खाऊन पहिलं पान उलटलं आणि बघते तर मथळ्याखाली पहिलं नाव माझं. तुझं दुसरं.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं. "पहिलं म्हणजे मोठं का गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले. "चला, उशिरा का होईना," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी तीन दिवस यावर विचार केला. दोनच शक्यता आहेत. एक म्हणजे तुला वास आला. कुठलं तरी पोट चिरताना तुला कळलं की हे बालदीचं आहे, आणि सगळं उघडकीला आलं तर खापर कुणावर फुटावं याची तू सोय करून ठेवलीस. शाबास! अगदी तुझ्या स्वभावाला शोभेल असं. दुसरी शक्यता अशी की तुला खरंच अकरा वर्षांनी लाज वाटली. ही शक्यता मी सोडून दिली. तिचा विचार केला की मला झोप लागत नाही.

लेखातलं तिसरं चित्र मी भिंगाखाली धरून पाहिलं. पोटातून निघालेला एक लांब, गुळगुळीत, हिरवट धागा. खाली तू लिहिलंयस, "अद्याप ओळख न पटलेले तंतुशेवाळ." ताई, ते शेवाळ नाही. तो आपल्या जाळ्याचा नायलॉनचा तंतू आहे. ते जाळं मी नऊ वेळा शिवलंय, त्याचा धागा मी डोळे मिटूनही ओळखेन. बालदीत जाळ्याचे तंतू सुटतात आणि पिंपं ते ओढतात, हे शिकाऊ पोरीलाही माहीत असतं. पण तू पांढरा दोरा पाहिलास आणि विचार करणं सोडून दिलंस. जगात आणखी कुणी ही चूक करू शकलं नसतं, कारण आणखी कुणाचा माझ्या गाठीवर एवढा विश्वास नव्हता.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

तीन डिसेंबरला तुझा सत्कार आहे. आमंत्रण मलाही आलंय. मी येणार आहे.

धाकटी


२ डिसेंबर

ताई,

उद्याचं सगळं पाठ झालंय. भाषण संपलं की श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगतात. मी उठेन आणि एवढंच म्हणेन, "तिसरं चित्र पुन्हा दाखवाल का? तो धागा जाळ्याचा आहे." बस. दोऱ्यांबद्दल एक अक्षर नाही. सभागृहात दहा जण तरी जाळी ओढलेले असतील. त्यांना एका क्षणात कळेल की हातची म्हणून मिरवलेली पिंपं बालदीतली निघाली, आणि मग जे हसतील ते मला ऐकायचंय. एकाच कानाने, पण पुरेल. उजवा कान व्यासपीठाकडे येईल अशी जागा आधी जाऊन धरणार आहे.

माझं नाव पहिलं आहे, माहीत आहे. मी सांगेन की बरण्या मी फक्त पाठवल्या, उघडल्या तिने. बरण्या धुणारीला कोण विचारतो? हे तर तूच मला शिकवलंस.

आई येणार म्हणून हट्ट धरून बसली आहे. तिला पहिल्या रांगेत बसवा असं तू कळवलंस. तिने कपाटातून सत्काराला शोभेल अशी साडी काढली आणि मला विचारलं, "तू असं तोंड का केलंयस? आता तरी बोला एकमेकींशी. मी काय जन्मभर निरोप पोचवत बसू?"

मी म्हटलं, "उद्या बोलणारच आहे."

धाकटी


६ डिसेंबर

ताई,

तू त्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात मला एक प्रश्न विचारलास आणि मी उत्तर न देता जिना उतरून गेले. हे त्याचं उत्तर. पण जे झालं ते आधी माझ्या बाजूने सांगू दे. तू व्यासपीठावर होतीस, तुला तिथून वेगळं दिसलं असेल.

मी उठले आणि म्हटलं ते म्हटलं. चित्र पुन्हा पडद्यावर आलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुसुखुसु हसलं. ज्याची दहा महिने वाट पाहिली होती तेच ते हसू. पण पुढच्याच क्षणी तुझ्या शेजारचे ते टकले अध्यक्ष कागद चाळून म्हणाले, "बाई, या लेखावर पहिलं नाव तुमचंच आहे ना? मग हे तुम्ही आम्हाला विचारताय?" आणि अख्खं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. हसू वाढलं. पाठ केलेलं वाक्य तोंडातून फुटेना.

तेव्हा तू पुढे आलीस. पडद्याजवळ जाऊन तू तो धागा नीट पाहिलास, एवढा वेळ पाहिलास की लोक गप्प झाले. मग म्हणालीस, "बरोबर आहे तिचं. हा जाळ्याचा तंतू आहे. बरण्या मी उघडल्या, चित्र मी काढलं, चूक माझी आहे. तिची नाही. गेल्या पंचवीस वर्षांत तिच्या हातून आलेल्या एकाही बरणीत चूक नव्हती."

खरं सांगू? तू रडली असतीस, चिडली असतीस, माझ्यावर ढकललं असतंस तर मी समाधानाने खाली बसले असते. तुझा तो मोठेपणा मला सहन झाला नाही. इथेही तूच मोठी! चूक कबूल करण्यातसुद्धा पहिला नंबर तुझाच! माझ्या डोक्यात सणक गेली आणि मी ओरडले, "दोरे मी बदलले! मुद्दाम बदलले! निळ्यांवर पांढरे मी बांधले!"

आईने पहिल्या रांगेतून वळून पाहिलं आणि हात हलवून म्हणाली, "खाली बस गं, लोक बघतायत." तिला काही कळलं नव्हतं. घरी जाताना गाडीत तिने मला विचारलं, दोऱ्यांचं एवढं काय असतं. मी सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि अजून माझ्याशी बोललेली नाही. तिने भाजी चिरून ठेवली, माझं ताट वाढलं.

पत्रांचा गठ्ठा माझ्या पिशवीत होता. तो तुझ्या अंगावर फेकायचा होता. व्हरांड्यात तू एकटीच आलीस. मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मी गालसुद्धा पुढे केला, आठवतंय? तू मात्र माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिलीस, ऐकू येईल अशी, आणि हळूच विचारलंस, "खऱ्या कुठे आहेत?"

मी पत्रांची पिशवी छातीशी धरली.

"खऱ्या हातच्या," तू म्हणालीस. "सगळं मागे घेऊ, मी माझं बघते. पण त्या असतील तर तू उघड, तू चित्रं काढ, तू लिही. तुझं एकटीचं नाव. मी त्यात नसेन. पदवी नसली तरी छापतील, मी त्यांच्या पाया पडेन. कुठे आहेत?"

मी जिना उतरले.

सप्टेंबरच्या पत्रात मी लिहिलंय की त्या कपाटात आहेत आणि किल्ली गळ्यात आहे. गळ्यात किल्ली आहे हे खरं. कपाट रिकामं आहे.

तुझी गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे केलं. माझा हिशोब सरळ होता. एक ना एक दिवस तू तोंडावर पडणार, आणि पडलीस की इथेच धावत येणार, खऱ्या बरण्या मागायला. त्या मिळाल्या की पुन्हा उभी राहणार. पुन्हा लेख, पुन्हा टाळ्या, आणि शेवटी बरण्या धुणारीचे आभार. तुला ते कधीच मिळू नये एवढंच मला हवं होतं. मी एकेक झाकण उघडलं आणि टाकाऊ रसायनाच्या टाकीत ओतलं. पिंपं आधी तरंगली, मग खाली गेली. दोनशे बारा. साठावर थांबले होते ना, म्हणजे उरलेल्या एकशे बावन्नांच्या पोटात काय होतं ते मी स्वतःसुद्धा पाहिलेलं नाही. टाकीची गाडी दर शुक्रवारी येते. नेली त्यांनी.

मग मी बरण्या धुतल्या. घासून, उलट्या करून, उन्हात वाळत घातल्या. काकांनी विचारलं, "काय गं, आज दिवाळीची आवराआवर काढलीस का?" मी म्हटलं, "जागा हवीये काका."

तू पडशील ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. पडल्यावर तू माझ्यासाठी त्या मागशील हे डोळ्यांसमोर नव्हतं. ही गोष्ट मला कशी सुचली नाही? मी तुझ्याबरोबर एका खोलीत सोळा वर्षं झोपले आहे.

वही आहे. साठ चित्रं आहेत, तारखांसकट. ती या पत्रांबरोबर पाठवते आहे. पण वहीला पुरावा म्हणून प्राणी लागतो, आणि तो कुणाकडेच नाही. आणि ज्या बाईने भर सभेत उठून दोरे बदलल्याचं सांगितलं तिची वही कोण छापणार आहे? काल मुख्यालयातून पत्र आलं, चौकशी होईपर्यंत मी प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. काकांनी ते वाचलं आणि उठून घरी गेले. आज पायरीवर आले नाहीत.

माझा सूड पुरा झाला, ताई. तू पडलीस. तुझा सत्कार मागे घेतला असं ऐकलं. याचा मला आनंद व्हायचा होता.

त्या साठांत एकाच्याही पोटात अंडं नव्हतं. काटेरी शेवाळ नव्हतं. नुसते गोल कण होते, ते लहानसं पिंप निवडून खात होतं, आणि हे पृथ्वीवर सगळ्यात आधी मला कळलं होतं. मी आईची शपथ घेऊन सांगते, हे खरं आहे. पण माझ्या शपथेवर आता तू तरी का विश्वास ठेवावास?

धाकटी